पाय दुखणारा माणूस बसूनच का राहतो?

उज्जैन हे चालणाऱ्यांचे गाव आहे. वैशाखाच्या उन्हात पंचक्रोशीची यात्रा निघते, तेव्हा डोक्यावर बोचके घेतलेली हजारो माणसे पाच दिवसांत ११८ किलोमीटरांची वाट तुडवितात. दर बारा वर्षांनी येथे सिंहस्थ भरतो. २०१६ साली भरला, पुढचा २०२८ साली भरावयाचा आहे. त्या दिवसांत शिप्रेच्या घाटापर्यंत पोहोचण्यास वाहनाचा उपयोग थोडा आणि पायांचा फार. ११ ऑक्टोबर २०२२ रोजी महाकाल मंदिरालगतचा ‘महाकाल लोक’ हा विस्तीर्ण मार्ग खुला झाला, त्याची लांबीच ९०० मीटरांहून अधिक आहे. निरोगी माणसास हे अंतर दहाबारा मिनिटांचे. पण याच गावात अशीही माणसे राहतात की ज्यांना हे ९०० मीटर म्हणजे पाचसहा मुक्काम वाटतात. दीडशे मीटर चालले की पोटरीत गोळा येतो, पाय शिशाचा होतो आणि थांबावे लागते. दोनतीन मिनिटे थांबले की दुखणे नाहीसे होते. पुन्हा चालले की पुन्हा तेच.

हा पायाच्या धमन्यांचा विकार होय. हृदयाकडून पायाकडे शुद्ध रक्त नेणाऱ्या धमन्यांच्या आतल्या अंगास चरबीयुक्त थर साचतात, वाट अरुंद होते. बसलेल्या किंवा निजलेल्या माणसाच्या पोटरीस रक्त थोडे लागते, तेवढे त्या अरुंद वाटेने येऊन पोहोचते. चालू लागताच स्नायूची मागणी कितीतरी पटींनी वाढते, पुरवठा मात्र वाढू शकत नाही. मग स्नायू कळवळतो. तंबाखू, मधुमेह, रक्तदाब आणि वाढलेले कोलेस्टेरॉल ही या दुखण्याची मुख्य कारणे. जगात या विकाराचे रुग्ण वीस कोटींहून अधिक असावेत असा अंदाज आहे. त्याचे निदानही फारसे अवघड नाही. घोट्यापाशी व दंडापाशी रक्तदाब मोजावयाचा आणि घोट्याच्या आकड्यास दंडाच्या आकड्याने भागावयाचे. उत्तर ०.९० किंवा त्याहून कमी आले, तर पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असे समजतात.

या दुखण्याची नोंद प्रथम माणसात झाली नाही, घोड्यात झाली. १८३१ साली बुले नावाच्या फ्रेंच पशुवैद्याने गाडीच्या एका घोड्याचे वर्णन केले. तो थोडे अंतर धावला की लंगडू लागे आणि थांबला की पूर्ववत होई. शार्को या विख्यात फ्रेंच वैद्याने हेच लक्षण माणसात ओळखले ते १८५८ साली. त्या घोड्यास कोणी आळशी म्हटले असेल की काय, हे इतिहासात लिहिलेले नाही. माणसाला मात्र म्हणतात.

आता खरा प्रश्न. अशा रुग्णास वैद्य सांगतो, ‘चालत जा.’ आणि अलीकडे आणखी एक वाक्य त्याला जोडतो, ‘दिवसभर बसून राहू नका.’ पहिल्या आज्ञेचे पालन निदान काही जण तरी करतात. पहाटे फ्रीगंजच्या रस्त्याने काठी टेकीत जाणारे वृद्ध गृहस्थ दिसतात, थांबतात, पुन्हा निघतात. दुसऱ्या आज्ञेचे पालन मात्र जवळजवळ कोणाकडूनच होत नाही. अर्धा तास फिरून आलेले हेच गृहस्थ उरलेले दहाबारा तास खुर्चीत काढतात, आणि आपण वैद्याचे सगळे ऐकतो अशी त्यांची प्रामाणिक समजूत असते. हे असे का व्हावे?

पहिले कारण रुग्णाच्या मनात झालेली एक गल्लत हे आहे, आणि तीस वैद्यकच थोडेसे जबाबदार आहे. या विकारात चालण्याचा जो व्यायाम सांगतात, तो दुखेपर्यंत करावयाचा असतो. चालावे, पोटरी बऱ्यापैकी दुखू लागली की थांबावे, दुखणे गेले की पुन्हा चालावे, असे अर्धा-पाऊण तास, आठवड्यातून निदान तीन वेळा, निदान तीन महिने. १९६६ साली डेन्मार्कच्या लार्सन व लासेन या दोघांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात दाखवून दिले की, रोजच्या चालण्याच्या सरावाने अशा रुग्णांची चालण्याची मर्यादा वाढते. २०२१ साली अमेरिकेत मेरी मॅकडरमॉट व त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०५ रुग्णांवर केलेली पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात काहींना दुखणार नाही अशा बेताने चालावयास सांगितले होते, काहींना दुखेल इतके. वर्षअखेर दुसऱ्या गटाची सहा मिनिटांत चालण्याची मजल वाढली होती. पहिल्या गटास, काहीच व्यायाम न सांगितलेल्यांहून विशेष लाभ झालेला आढळला नाही. म्हणजे वेदना हा येथे औषधाचाच भाग ठरला. ही गोष्ट रुग्णास समजावून सांगणे सोपे नाही. आयुष्यभर त्याने ऐकलेले असते की, दुखले की थांबावे, दुखणे म्हणजे आतून काहीतरी बिघडत आहे. छातीत दुखले तर हे खरेही आहे. पोटरीच्या या चालताना होणाऱ्या दुखण्यात मात्र स्नायू फाटत नाही, धमनी फुटत नाही. पण ही समजूत कोणी काढावयाची? दवाखान्यात पाच मिनिटांचा वेळ, त्यात तीन मिनिटे गोळ्यांची नावे.

मग असा रुग्ण मनाशी हिशोब मांडतो : चालणे म्हणजे दुखणे, उठणे म्हणजे चालण्याची सुरुवात, तेव्हा उठणे म्हणजेच दुखणे. येथेच तो फसतो. खुर्चीतून उठून दोन मिनिटे उभे राहणे, माजघरापर्यंत जाऊन येणे, यात पोटरी दुखेल इतके अंतरच नसते. व्यायामाच्या वेळी वेदना सोसावयाची आहे, उरलेल्या दिवसात वेदनेशिवाय, थोडेथोडे आणि पुष्कळदा उठावयाचे आहे. या दोन आज्ञा वेगळ्या आहेत. पण बहुतेकांना त्या एकाच दमात आणि एकाच शब्दात मिळतात.

दुसरे कारण याहून सूक्ष्म आहे. चालणे हे कर्म आहे. त्याला आरंभ असतो, शेवट असतो, संध्याकाळी ‘आज चाललो’ असे सांगता येते. बसणे हे कर्मच वाटत नाही, ती दोन कर्मांमधली रिकामी जागा वाटते. वर्तमानपत्र वाचले, पूजा केली, दूरदर्शनवर बातम्या पाहिल्या, नातवाचा अभ्यास घेतला, जेवलो, असे माणूस सांगतो. पण या सर्व वेळी आपण बसलेलो होतो, हे त्याच्या ध्यानातही येत नाही. जे केले असे वाटतच नाही, ते कमी कसे करावयाचे? तंबाखू सोडणाऱ्यास आपण काय सोडतो ते ठाऊक असते.

भाषाही या कामी रुग्णाच्या विरुद्ध साक्ष देते. मराठीत मान आहे तो बसण्याला. राजा गादीवर बसतो, गवयाची बैठक रंगते, एखाद्याचा ‘जम बसतो’, शब्द ‘चपखल बसतो’. घरी आलेल्यास पहिला शब्द ऐकू येतो तो ‘बसा’. उलट उठण्याकडे पाहावे, तर ‘ऊठसूट’ करणारा तो उथळ, ‘उठवळ’ ही तर शिवीच, ‘उठाबशा’ ही शिक्षा, आणि भरल्या पानावरून उठणे वा उठविणे यासारखा अपमान नाही. माळव्यातील मराठी घरांत तर ही रीत अधिकच मुरलेली दिसते. अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी उज्जैनला आपले ठाणे केले. त्यांच्या वंशजांची राजधानी १८१०च्या सुमारास ग्वाल्हेरकडे गेली, तरी त्यांच्या मागे आलेली कारकुनी, भिक्षुकी व शिलेदारी करणारी कुटुंबे येथेच राहिली. गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधविले, त्याच्या आसपासच्या गल्ल्यांत मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदली. कारकुनाची बैठक, भटजींचा पाट, पेढीवरची गादी, हे सगळे व्यवसाय बसून करावयाचे. संध्याकाळी ओटल्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्यांशी दोन शब्द बोलणे हा तर दिवसाचा सर्वांत सुखाचा भाग. तेथून वृद्धाला उठवावयाचे म्हणजे त्याला गावापासूनच तोडावयाचे.

आणि घरची माया? ती तर उठूच देत नाही. वडील पाण्याचा तांब्या घ्यावयास उठले की सूनबाई आतून म्हणते, “बाबा, तुम्ही बसा, मी आणते.” मुलगा म्हणतो, “पाय दुखतो ना, मग कशाला उठता?” नातू चष्मा आणून देतो, मुलगी माहेरपणास आली की औषधाची डबी उशाशी ठेवून जाते. चार दिवसांत त्या गृहस्थांना उठण्याचे एकही निमित्त उरत नाही. यात कोणाचाही दुष्टावा नाही. वडिलांना बसल्या जागी सर्व काही मिळावे, हीच आपल्याकडे सेवेची व्याख्या आहे. शेजारच्या बाईने येऊन पाहावे आणि सासरे स्वतः पाणी घेत आहेत असे दिसावे, ही गोष्ट कोणत्या सुनेला रुचेल? तेव्हा रुग्णाने कमी बसावे असे वाटत असेल, तर वैद्याने ती गोष्ट रुग्णापेक्षा सुनेस आणि मुलास समोर बसवून सांगितली पाहिजे. तसे क्वचितच घडते.

बायकांच्या बाबतीत हे चित्र आणखी निराळे. हा रोग पुरुषांचाच, अशी पुष्कळांची समजूत आहे, ती खरी नाही. जन्मभर दिवसातून शंभरदा उठबस केलेली बाई सून घरात आली की सन्मानाने स्वयंपाकघरातून निवृत्त होते. तो सन्मान म्हणजे एक खुर्ची आणि निवडण्यासाठी दिलेली मेथीची जुडी. तिचा पाय दुखतो हेही कोणाच्या लक्षात येत नाही, कारण तिला कोठे जावयाचेच नसते. दुखणे लपविण्याची ही बसण्याची शक्ती विलक्षण आहे. कित्येक रुग्ण ‘पाय मुळीच दुखत नाही’ असे सांगतात, आणि ते खोटे नसते. दुखेल इतके ते चालतच नाहीत. महिन्यामहिन्याने त्यांचे जग एकेक गल्लीने लहान होत गेलेले असते. प्रथम घाट सुटतो, मग बाजार, मग कोपऱ्यावरचे देऊळ. विचारले तर उत्तर येते, ‘आता वय झाले.’

रस्त्यावर आणखी एक अडचण उभी राहते, ती लाजेची. या विकाराच्या दुखण्यास शमविण्यासाठी बसावे लागत नाही, नुसते जागच्या जागी उभे राहिले तरी ते जाते. कण्यातील नसा दाबल्या गेल्यामुळे जे पाय दुखतात, त्यांना मात्र बसल्याशिवाय किंवा पुढे वाकल्याशिवाय आराम पडत नाही. वैद्य या फरकावरून दोन रोग वेगळे ओळखतात. म्हणजे धमनीच्या रुग्णाने पाटणी बाजारात मध्येच थांबून उभे राहावे, इतकेच पुरे आहे. पण भर बाजारात, कारण नसताना, पुतळ्यासारखे कोण उभे राहणार? जर्मन लोक या रोगाला दुकानांच्या काचा पाहण्याचा रोग म्हणतात, कारण रुग्ण थांबण्याचे निमित्त म्हणून दुकानातला माल न्याहाळीत उभा राहतो. आपल्याकडे काचेसमोर उभे राहिले की दुकानदार लगेच म्हणतो, “आइये, बैठिये!” आणि बसणे भाग पडते. बसण्याला समाजात कारण विचारीत नाहीत, उभे राहण्याला विचारतात.

त्यातून माळव्याचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, सकाळी दहापासून सायंकाळपर्यंत दारे लावून घरात बसण्यावाचून गत्यंतर नसते. पावसाळ्यात चिखल आणि निसरडे. माळव्याच्या थंडगार रात्रींची कीर्ती मोठी आहे, पण रात्री मधुमेही म्हाताऱ्याने खाचखळग्यांतून चालावे कसे? अनेक रुग्णांना एकच दुखणे नसते. गुडघे झिजलेले, छातीत धाप, पायांना बधिरपणा, डोळ्यांना कमी दिसणे, असा सगळा परिवार बरोबर असतो. पोटरीने परवानगी दिली तरी गुडघा देत नाही. पाटावरून किंवा जमिनीवरून उठणे हा तर मोठा प्रयास असतो. एकदा उठण्याला इतके कष्ट पडतात, म्हणून माणूस एकदा बसला की बसूनच राहतो. अशांना हात टेकावयास जागा असलेली, जरा उंच, कठीण बैठकीची खुर्ची दिली तर निम्मा प्रश्न सुटतो. मऊ कोच हा या रोग्याचा शत्रू समजावा.

बसण्याने प्रत्यक्ष काय बिघडते, हेही सांगावयास हवे. लंडनच्या दोन मजली बसगाड्यांवरील नोकरांची पाहणी करून जेरी मॉरिस यांनी १९५३ साली दाखविले की, दिवसभर बसून गाडी हाकणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होतो, आणि जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना कमी. त्यापूर्वी हृदयविकाराच्या झटक्यानंतर रोग्यास आठवडेच्या आठवडे अंथरुणात पडून ठेवीत असत. विश्रांती म्हणजे उपचार, हा संस्कार तेव्हाचा, आणि तो अजून पुसला गेलेला नाही. अलीकडच्या काळात इंडियाना विद्यापीठातील सौरभ ठोसर व त्यांच्या सहकाऱ्यांचा एक प्रयोग २०१५ साली प्रसिद्ध झाला. निरोगी तरुण पुरुषांना सलग तीन तास बसविले, तेव्हा त्यांच्या मांडीतील धमनीची प्रसरण पावण्याची शक्ती घटली. पण दर तासाला पाच मिनिटे सावकाश चालविले, तेव्हा ती घटली नाही. ही माणसे निरोगी होती, त्यांच्यावरून रोग्यांविषयी नेमका हिशोब मांडता येणार नाही. तरी निरोगी धमनीची जर ही अवस्था, तर रोगट धमनीस दीर्घ बैठक मानवत असेल असे समजण्यास आधार नाही. मॅकडरमॉट यांच्याच सहकाऱ्यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, पायाच्या धमन्यांचे जे रुग्ण दैनंदिन जीवनात अधिक हालचाल करीत, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली बैठे राहणे कमी करा असे सर्वांस सांगितले, परंतु किती तास, याचा आकडा दिला नाही. सामान्य माणसास आकडा हवा असतो. ‘आठ हजार पावले’ हे त्याला कळते, ‘जरा कमी बसा’ हे हवेत विरून जाते.

मग काय करावे? निश्चय केला, की उद्यापासून कमी बसेन, तर तो दुपारपर्यंत टिकतो. निश्चयापेक्षा निमित्त बळकट. आरती सुरू झाली की घरातला प्रत्येक जण उभा राहतो, तेथे कोणी निश्चय करीत नाही. ख्रिस्ती मंदिरात मिस्सेच्या वेळी केव्हा उभे राहावयाचे, केव्हा बसावयाचे आणि केव्हा गुडघे टेकावयाचे, हे सर्व ठरलेले असते, आणि पाय दुखणारी म्हातारी माणसेही शुभवर्तमान वाचले जाते तेव्हा बाकाच्या कडेला धरून उभी राहतात. असे ठरलेले उठणे दिवसभरात पेरून ठेवता येते. दूरध्वनी आला की उभे राहून बोलावे. पाण्याचे भांडे उशाशी न ठेवता दुसऱ्या खोलीत ठेवावे, आणि एका वेळी एकच पेला भरावा. दूरदर्शनवर जाहिराती लागल्या की ओटल्यापर्यंत जाऊन यावे. वर्तमानपत्राचे एक पान वाचून झाले की उठून दुसरे आणावे, सगळा अंक मांडीवर घेऊन बसू नये. भाजी निवडावयाची ती ओट्यापाशी उभी राहून, आणि थकवा आला की बसून. हे उपाय इतके क्षुल्लक दिसतात की, सुशिक्षित माणसास ते करताना हसू येते. हीसुद्धा न उठण्याच्या कारणांपैकी एक आहे. मोठ्या रोगाला मोठा उपाय हवा, अशी आपली श्रद्धा असते.

हे सर्व ज्यांना चालताना दुखते त्यांच्यासाठी झाले. काही रुग्णांचा रोग याच्या पुढे गेलेला असतो. त्यांना निजल्यावरही पावलात आग होते, रात्री पाय पलंगाखाली लोंबकळत ठेवला किंवा उठून बसले तरच जरा बरे वाटते, कारण गुरुत्वाकर्षणाच्या ओढीने थोडे अधिक रक्त खाली उतरते. त्यांच्यासाठी बसणे ही सवय नसून औषध झालेले असते, आणि त्यांना ‘बसू नका’ म्हणून दटावणे क्रूरपणाचे होईल. त्यांना उपदेशाची नव्हे, शल्यवैद्याची गरज आहे. बोटाच्या टोकाला काळेपणा, बरी न होणारी जखम, ही त्याच वर्गातली चिन्हे. मंदिरात अनवाणी जावे लागते. उन्हाळ्यात दुपारी तापलेल्या फरशीवर बधिर पाऊल ठेवल्याचे मधुमेह्यास कळतही नाही, आणि तेथे उठलेला फोड पुढे पाय गमावण्यास पुरेसा होतो. अशांनी दर्शन पहाटे घ्यावे आणि घरी येताच दोन्ही तळवे आरशात किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. एखादे दिवशी पाय अकस्मात थंडगार, पांढराफटक पडला, दुखू लागला आणि हलविता येईना, तर तो शेक देण्याचा वा तेल चोळण्याचा प्रसंग नव्हे. धमनी एकाएकी बंद झाली असे समजावे. पाय वाचविण्यास तेव्हा थोडेच तास हाती असतात. उज्जैनच्या मोठ्या रुग्णालयात किंवा तेथून पुढे इंदूरला रोग्यास त्याच घटकेस हलविले पाहिजे, सकाळ होण्याची वाट न पाहता.